देवीला जाऊन येते

"अगं पोरी, बाहत्तर सालात कुठं हुती गं तुझी ही टेप?"

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर बसून माझी चुलती आशाताईला हे विचारत होती आणि भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चुलतीला आम्ही सगळे नानी म्हणतो. आशाताई म्हणजे गावची आशा सेविका, आमच्याच आळीतली सून. तिच्या हातात शिंप्याकडे असते तसली टेप, मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी चालली होती. वय काय, तंबाखू खाता का, दारू पिता का, आठवड्याला १५० मिनिटं अंगमेहनत होते का, आईबापांना शुगर-बीपी होतं का आणि कंबर किती. प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायला पाठवायचं. तंबाखूच्या प्रश्नाला नानीनं ठणकावून 'न्हाई' सांगितलं. आशाताईनं नुसतं तिच्या काळ्या दातांकडे बघितलं, तेव्हा "मिश्री लावती तेवढी" अशी पुस्ती जोडली. अडलं ते कंबरेपाशी. नऊवारीच्या निऱ्या, कासोटा, वर खोचलेला पदर, कनवटीला पैशांची पिशवी. टेप नेमकी कशावरून न्यायची हे आशाताईला कुणी शिकवलेलं नसावं. त्यात आळीतले दोन म्हातारे समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होते. नानीनं टेप हातानं बाजूला सारली आणि तो प्रश्न टाकला. "आत्या, बाहत्तरला माझी आईबी जन्मली नव्हती," असं म्हणून आशाताईनं नानीकडे एकदा बघितलं आणि अंदाजानं एक आकडा लिहून टाकला.

सगळं हसण्यावारी गेलं. मला मात्र पुण्याला परत आल्यावरही ते सलत राहिलं. नानी चेष्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

नानीचं लग्न दुष्काळाच्या आदल्या वर्षी झालं. अंगावरची हळद जायच्या आत ती सासूबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आमचं मंगळवेढ्याकडचं काळं रान. ज्वारीचं कोठार म्हणून त्याचं नाव. अलीकडे आमच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच कोठारातल्या लोकांनी बाहत्तरला अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. नानी ते सांगताना रडगाणं लावत नाही. ती मिलो थापताना कशी चिरायची, तिला कसला कोंदट वास यायचा, कामावर सुकडी वाटायला लागले की बायका ती स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी कशी घरी न्यायच्या, एवढंच सांगते. आणि मग उठून फ्रीज उघडते. त्या फ्रीजमध्ये कालचं वरण असतं, परवाची उसळ असते, नातवानं अर्धा खाऊन टाकलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा रबर लावून ठेवलेला असतो. हे सगळं शेवटी नानी खाते. वाया जाण्यापेक्षा माझ्या पोटात गेलेलं बरं, हे तिचं ठरलेलं वाक्य. ५० वर्षं ती घरातल्या उरल्यासुरल्याचा असा बंदोबस्त करत आली आहे. तिला 'दोन घास कमी खा' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि मुलूख कुठला, तर दामाजीपंतांचा. बादशहाची धान्याची कोठारं दुष्काळात उपाशी माणसांना उघडून दिली म्हणून लोकांनी ज्याला संत केलं आणि ज्याची रक्कम भरायला विठोबा स्वतः बिदरला गेला असं मानलं, त्या माणसाच्या गावाजवळ आम्ही वाढलो. खाऊ घालणं हे इथलं पुण्य आहे. पानात वाढलेलं नको म्हणणं हा वाढणाऱ्याचा अपमान. आरोग्य खात्याची सगळी चित्रं, अर्धं ताट भाजीचं, पाव ताट डाळीचं, उरलेल्यात भाकरी-भात, ही अशा गावात येऊन भिंतीवर चिकटतात. गाव ती वाचतं आणि बरोबर आहे म्हणतं. मग जेवायला बसतं.

नानीच्या प्रश्नाचं एक उत्तर मला पुण्यात सापडलं. ते तिथं केव्हाचं पडून होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या बाळंतपणांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले आहेत. या गावांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं आणि मांसानं कमी भरली, पण कातडीखालची चरबी त्या मानानं त्यांनी राखून ठेवलेली होती. याज्ञिकांचा आणि एका इंग्रज डॉक्टरचा, जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांची उंचीच्या मानानं वजनाची पट्टी तंतोतंत सारखी, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. सदरा घातल्यावर दोघंही सडपातळच. म्हणून तर आशाताईला वजनकाट्याबरोबर टेप दिलेली आहे, आणि म्हणून आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही रेघ आखलेली आहे, पुरुषांची तर गोऱ्यांपेक्षा अलीकडे.

माझा चुलतभाऊ, दादा, त्र्याहत्तरचा. नानी पोटुशी असतानाही खडी फोडत होती. आज दादाचे हातपाय काटक्या आणि पोट पुढं, रक्तदाबाची गोळी सुरू, साखर काठावर. मिलोच्या भाकरीपासून त्या पोटापर्यंत रेघ ओढणं हा माझा उद्योग आहे, डॉक्टरांचा नाही, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं हेही मला समजतं. पण नानीला सांगावंसं वाटतं की नानी, टेप उशिरा आली हे खरं, पण ती मोजतेय ते कदाचित बाहत्तरच असेल.

सांगितलं नाही. तिनं दादाच्या पोटाचा दोष स्वतःवर घेतला असता.

गावात 'मला शुगर हाय' असं लोक आता सहज सांगतात, आणि त्याहून जास्त जण सांगतात, 'बॉर्डरवर हाय'. २०२३ साली देशभराच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. मधुमेह शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९. इथवर अपेक्षित. पण बॉर्डरवाल्यांचं प्रमाण शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२. म्हणजे खेडं मागे आहे असं आपण समजत होतो, ते पायरीवर येऊन उभं आहे. दादाची बायको, आमची वहिनी, त्यातलीच. तिची तीन महिन्यांची शुगर ६.१ निघाली. साडेसहाला मधुमेह म्हणतात, ५.७ च्या खाली असलं तर कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात तिला मिनिटभरात सल्ला मिळाला. साखर बंद, भात बंद, रोज ४५ मिनिटं चाला. कागदावर औषध नव्हतं, म्हणून दादानं बाहेर आल्यावर विचारलं, "मग तपासलं कशाला?"

आम्ही काय बसून खातो काय, हे गावातलं ठरलेलं उत्तर. माझे वडील होते तोवर ते खरंच होतं. ज्वारीची काढणी म्हणजे ताटं मुळासकट उपटायची. पहाटे थंडीत, माती अजून थोडी ओलसर असताना सुरुवात करायची, दुपारपर्यंत तळहाताची कातडी सोलायची. मग बांधणी, कणसं मोडणं, खळं. वर्षभर असं काही ना काही. पण ज्वारी उपटायला आता माणूस मिळत नाही, आणि भीमेकडच्या शिवारात उजनीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस लावला की लावला. मोटर दादा मोबाइलवरून चालू करतो, अंथरुणातून. रानात जायला मोटारसायकल. खुरपणीच्या जागी तणनाशकाचा पंप. संडास घरात आले, हे फारच चांगलं झालं, पण बायकांचं पहाटेचं डबा घेऊन जाणं आणि त्यानिमित्तानं होणारं अंतर आणि गप्पा दोन्ही गेलं. तोडणीला बीडकडची टोळी येते. त्या टोळीतली बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते तेव्हा तिच्या मानेच्या शिरा दिसतात. तिला व्यायामाचा प्रश्न विचारायची कुणाची छाती होणार नाही. एकाच फडातला ऊस बांधावर उभ्या असलेल्या मालकाची कंबर वाढवतो आणि तोडणारणीची मोडतो. फॉर्मवर मात्र दोघांसाठी रकाना एकच.

आणि ऊस आला की साखर आली. कारखान्याची सभासदांना सवलतीची साखर दिवाळीआधी घरात येते आणि कोपऱ्यात पोतं उभं राहतं. पोतं उभं असलेल्या घरात चमचा मोजला जात नाही. आमच्याकडे दिवसाला चहा किती होतात हे मी मोजायला लागले आणि सोडून दिलं, कारण आपला चहा झाल्यावर आलेल्याबरोबर पुन्हा अर्धा होतो आणि तो धरायचा की नाही यावर घरात एकमत नाही. चहा नाकारणं हा तर वेगळाच प्रकार. शेजारच्या वस्तीतले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून मी कुणाकडं चहा घेत नाही, पण आमच्या वस्तीत तुमच्याकडचं कुणी आलं आणि चहा नको म्हणालं, तर आम्हाला डॉक्टर आठवत नाही, दुसरंच आठवतं." ज्या गावात कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाच्या घरचं नाही यावर पिढ्या गेल्या, तिथं साखरेला नाही म्हणतानाही आवाज कुणाच्या दारात निघतोय याचं भान ठेवावं लागतं. त्या शिक्षकांनी यावर तोडगा काढला आहे. ते प्रत्येक घरी बिनसाखरेचा चहा मागून घेतात आणि पूर्ण पितात. सुरुवातीला घरवाल्या बायका ओशाळायच्या, चहाबरोबर फरसाणाची बशी ठेवून भरपाई करायच्या. आता त्यांना बघून आपोआप वेगळं पातेलं चढतं.

सल्ल्यात 'पालेभाज्या खा' असतंच. नानीला हसू येतं ते इथं. बांधावरची पाथर, पिकातली घोळ, तांदुळजा, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे हे सगळं ती खुरपायला गेली की ओट्यात भरून आणायची. ते विकत घ्यायची गोष्टच नव्हती. तणनाशकाला घोळ आणि गवत यातला फरक कळत नाही. आता तीच भाजी आठवडी बाजारात जुडीनं मिळते आणि जुडीचा भाव ऐकून वहिनी बटाटे घेते. रेशनवर गहू आणि तांदूळ येतात, फुकट येतात, ते खाल्ले जातात. ज्वारी पिकवणारी घरंही चांगला भाव आला की ती विकून मोकळी होतात. मग २०२३ हे भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा माझ्या पुण्यातल्या सोसायटीत नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीचे पास्ते आले. भाकरीचं एवढं कौतुक बघून बरं वाटलं, थोडं हसूही आलं. भाकरी म्हणजे काही जडीबुटी नाही. तीन भाकरी खाऊन पारावर जाऊन बसलं तर त्या तीन भाकरींचीही साखरच होते. उपासाचंही तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी हे म्हणणारे आपलेच पूर्वज होते, आणि साबुदाण्यात तर पिठूळपणाशिवाय दुसरं असतंच काय?

दादा 'दीक्षित' करतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं हे गावोगाव व्हॉट्सअ‍ॅपवरून पोचलं. मला त्यातलं एक फार आवडतं. त्यात विकत घ्यायला काही नाही. पुरुषांच्या गप्पांत त्यामुळे पहिल्यांदा पोटाचा विषय निघाला, हेही कमी नाही. पण दादाचं दोन वेळचं जेवण म्हणजे दोन पंगती असतात, चालणं तो 'रानात झालंच की' म्हणून सोडून देतो, आणि त्या ५५ मिनिटांत त्याच्या पानात गरम भाकरी पडत राहावी म्हणून वहिनी चुलीपुढं बसलेली असते. ती स्वतः जेवते सगळ्यांच्या मागून, रात्री दहाला, जे उरलंय ते. घड्याळ लावून जेवण्याच्या कुठल्याही योजनेत स्वयंपाक करणारीचं घड्याळ धरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तिनं भाजीतलं तेल कमी करून बघितलं. दुसऱ्याच दिवशी अण्णा, म्हणजे माझे चुलते, ताटावरून म्हणाले, "दवाखान्यातनं डबा आलाय काय?" मीठ कमी केलं तर ते वरून घेतात, शिवाय लोणचं. कागद मिळाला वहिनीला, पण पातेलं एकटं तिचं कुठं आहे?

चालायचंही तसंच.

मी माहेरी गेले की संध्याकाळी गावाबाहेर चक्कर मारते, कुणी काही म्हणत नाही. लेक आहे, पुण्याची आहे, फिरू दे. वहिनी त्याच घरात २५ वर्षांहून जास्त काळ नांदते आहे, पण ती सून. तिनं रिकाम्या हातानं रस्त्यावरून चालत जायचं म्हणजे काहीतरी झालेलं असलं पाहिजे. भांडण झालं का, कुठं निघालीस, गाडी नाही का मिळाली, दादा सोडायला आला असता की. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत जाईतो तिला पाच जणांनी हटकलं. एक जण मोटारसायकल थांबवून 'बसा वहिनी' म्हणून हटूनच बसला. दुसऱ्या दिवसापासून ती गच्चीवर गोल गोल चालायला लागली. खालून पावलांचा आवाज येतो म्हणून नानीनं विचारलं, वर काय वाळत घातलंय? गच्चीवरच्या फेऱ्या संपल्या. मग तिनं काही दिवस डेअरीला दूध घालायला स्वतः चालत जायला सुरुवात केली, हातात किटली. किटली असली की कुणी विचारत नाही. पण दूध घालायचं काम भाच्याचं होतं, आणि त्या निमित्तानं त्याला मिळणारा गाडीवरचा फेरफटका गेला म्हणून तो रुसला.

ओढ्यापलीकडं लक्ष्मीआईचं देऊळ आहे. जाऊन-येऊन तासाभराचं अंतर. वहिनीनं एका मंगळवारी घरात सांगितलं, देवीला जाऊन येते. कुणीही मान वर केली नाही. बुधवारीही तेच सांगितलं. आठवड्याभरात शेजारची एक बरोबर निघाली, मग आशाताई, मग आणखी दोघी. सगळ्या बॉर्डरवरच्या किंवा पलीकडच्या. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. अंधार असतो. गावातून निघताना पदर डोक्यावर, हातात फुलांची परडी, चाल नेमस्त. वेस ओलांडली की पदर कमरेला, परडी काखेत आणि चाल अशी की मला बोलता येईना. पोलीस भरतीची पोरं-पोरी त्याच रस्त्यावर धावत असतात, मोबाइलवर वेळ लावून, पोरं १६०० मीटर आणि पोरी ८००. त्यांच्यातली एक धापा टाकत शेजारून जाताना 'काकी, हात हलवा हात' म्हणून ओरडून गेली. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून अंगावर येतात, तेव्हा या सगळ्या कडेच्या काट्यांत शिरतात. देवळाच्या पायरीशी मला पाच जोड दिसले. त्यातला एकच चपलांचा होता, बाकीचे पोरांचे जुने बूट. वहिनीच्या बुटांना पुढं चिंध्या कोंबलेल्या होत्या, कारण ते पोराच्या मापाचे. आत गेल्यावर मात्र सगळ्यांनी मनापासून हात जोडले. ते काही नाटक नव्हतं. प्रदक्षिणा किती घालायच्या यावर तिथं वाद झाला, कारण आशाताईला ४५ मिनिटं भरून काढायची होती.

गावात बोलबाला असा की आळीतल्या बायका फार धार्मिक झाल्यात. एका म्हाताऱ्यानं तर त्यांचं उदाहरण आपल्या सुनेला दिलं.

मला याचा आनंदही झाला आणि रागही आला, आणि अजून दोन्ही एकमेकांत मुरलेले नाहीत. साठीकडे निघालेल्या बाईला स्वतःच्या शरीरासाठी तासभर चालायला देवीचं नाव पुढं करावं लागतं. पण त्यात नवीन ते काय? पंढरपूर आम्हाला जवळ. आषाढीला आळंदीहून निघालेली पालखी सुमारे २५० किलोमीटर चालत येते, त्यात हजारो बाया डोक्यावर तुळस घेऊन असतात, आणि घरदार सोडून एवढं कशाला चालतेस असं त्यांना कुणी विचारत नाही. देवाकडे जाणारी वाट बाईसाठी या मुलखात शेकडो वर्षं मोकळी आहे. वहिनीनं तीच वापरली. शिक्षकांचं वेगळं पातेलं आणि वहिनीची परडी, दोन्हींत मला एकच शहाणपण दिसतं. चारचौघांच्या नजरेला टक्कर द्यायची नाही, तिला ओळखीचं काहीतरी दाखवायचं. दवाखान्यातल्या मिनिटभराच्या सल्ल्यात ही चारचौघं कधी धरलेलीच नसतात. तिथं माणूस एकटा बसतो, घरी आला की तो एकटा उरत नाही.

चेन्नईच्या एका अभ्यासात, २००६ साली तो प्रसिद्ध झाला, बॉर्डरवरच्या लोकांना खाणं आणि चालणं नीट शिकवत ठेवलं तर तीन वर्षांत मधुमेह होणारे शंभरात ५५ वरून ३९ वर आले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच्यापुढं केरळातल्या नेय्याट्टिंकरा तालुक्यातला अभ्यास फिका वाटतो, पण मला तो जास्त आपला वाटला. तिथं ६० वस्त्यांतले हजारभर लोक घेतले, आणि निम्म्या वस्त्यांत गावातल्याच माणसांना पुढारी करून शेजाऱ्यांचे गट केले. वर्षभर एकत्र बसले, एकत्र चालले, परसात भाज्या लावल्या. दोन वर्षांनी मधुमेह झालेले गटांत १४.९ टक्के, बाकीच्यांत १७.१. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो, असं संशोधकांनीच लिहून ठेवलं. पण फळंभाज्या वाढल्या होत्या, दारू कमी झाली होती. गावाची चाल बदलली होती, रक्तातला आकडा अजून तेवढा हलला नव्हता. आमच्या पाच जणींचंही नेमकं तेच आहे. वहिनीचा आकडा ६.१ वरून ५.९ झाला, पुढच्या वेळी परत ६.० आला. दादा म्हणतो, मग उपयोग काय? वहिनी म्हणते, गुडघा दुखायचा थांबला, झोप लागते, आणि सकाळी एक तास मला कुणी हाक मारत नाही. तपासणीच्या कागदावर यातलं काहीच लिहायला जागा नाही.

सध्या घरात वादाचा विषय निराळा आहे. भाच्याचं लग्न ठरलंय, आणि आचारी यादी घेऊन आला होता. जिलेबी, गुलाबजाम, बासुंदी, शिवाय पाटवड्या, भजी, मसालेभात, पुऱ्या. वहिनीनं यादी हातात घेतली आणि गुलाबजामवर काट मारली, मग बासुंदीवर. एका कोपऱ्यात भाकरी आणि हरभऱ्याची भाजी लिहिली. आचारी म्हणाला, भाकरी थापायला बाया लागतील, त्यांची मजुरी वेगळी. ते ठरलं. मग त्यानं विचारलं, "आणि बासुंदीच्या जागी काय धरू?" वहिनी म्हणाली, "जागीबिगी काय न्हाई. एक गोड बास झालं." अण्णा पुढच्या खोलीतून म्हणाले, लोक शेण घालतील तोंडात. नानी, जिला मी या बाबतीत अण्णांच्या बाजूची समजत होते, ती म्हणाली, लोकांनी मागच्या लग्नात पानात टाकलेल्या बासुंदीच्या वाट्या मी मोजल्यात, दोन बादल्या सांडल्या त्या दिवशी. अन्न टाकण्यापेक्षा वाढूच नये. यावर अण्णांना बोलता येईना. यादी आचाऱ्यानं तशीच नेली. लग्न मार्गशीर्षात आहे, आणि अण्णांनी त्याला परस्पर फोन केला असावा अशी वहिनीला दाट शंका आहे.